मठपती मॅडम ज्वालामुखीला जाऊन आल्या

किस्से प्रवासाला गेलेल्या माणसाकडे असतात, असा एक गैरसमज आहे. खोटं! जाणारा जातो, फोटो काढतो, परत येतो. किस्से घडतात ते मागे राहिलेल्यांना. आमच्या स्टाफरूममधून एक बाई पंधरा दिवसांसाठी न्यूझीलंडला गेल्या, आणि त्या पंधरा दिवसांचे किस्से मी इथे सोलापुरात बसून गोळा केले. अजूनही कुणी चहाला भेटलं की त्यातला एखादा निघतोच. बरेचसे माझ्याच फजितीचे आहेत. पण ते सांगायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, कारण जळत मीच होतो.

आधी माझी ओळख. मी बनसोडे. भूगोल. आमच्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवतोय आणि येत्या मे महिन्यात रिटायर होतोय. एवढ्या वर्षांत नववीच्या पोरांना नद्या शिकवल्या, वारे शिकवले, लोकसंख्या शिकवली, पण जीव लावला तो एकाच पाठाला. ज्वालामुखी! हा पाठ मी मुद्दाम डिसेंबरात घेतो. सोलापूरच्या उन्हात लाव्हाचं कौतुक करायला पोरं तयार नसतात.

जगातले झाडून सगळे ज्वालामुखी मला उंचीसकट पाठ आहेत. प्रत्यक्षात मात्र मी एकही बघितलेला नाही. बघायचा म्हणून पासपोर्ट काढला होता. त्याची मुदत संपत आली आणि आतली पानं अजून कोरी आहेत.

तेव्हा यंदाचा पाठ हा माझा शेवटचा. तो असा घ्यायचा की पोरांनी म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवावा, हे मी जूनपासूनच ठरवून बसलो होतो. आणि दिवाळीला दीड महिना असताना स्टाफरूममध्ये बॉम्ब पडला.

*

मठपती मॅडम हिंदी शिकवतात. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. त्यामुळे घरी कन्नड, स्टाफरूममध्ये मराठी, वर्गात हिंदी. रागावल्या की तिन्ही! मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, "दिवाळीत लेकीकडं चाललेय की. न्यूझीलंडला."

सगळ्यांनी "अरे वा" केलं. मीही केलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. लेक आहे, जावई आहे, जावं माणसानं.

"जावई म्हणतेत, तितं कुठलं तरी ज्वालामुखीचं पार्क हाय. मला बर्फात घसरायला नेणार म्हणे!"

कुठलं तरी! माझा घास हातातच राहिला.

"टोंगारिरो का?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"हां, तसलंच कायतरी."

तसलंच कायतरी! अहो, तीन जिवंत ज्वालामुखी शेजारी शेजारी उभे आहेत तिथे. जमिनीतून वाफा निघतात, हिरव्यागार पाण्याचे तलाव आहेत, वरच्या अंगाला स्कीइंग, खालच्या अंगाला जंगल, मधून दिवसभर चालायच्या पायवाटा! मी ते नाव नकाशावर पहिल्यांदा शोधलं तेव्हा ह्या बाईंचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि जाणार कोण? हिंदीवाल्या! हिंदीत काय ज्वालामुखी असतात का?

आमचे शिपाई नागनाथमामा पाण्याचा जग ठेवायला आले होते. मामा मंद्रूपचे. कामापेक्षा त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे जास्त असतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, भाजी लई तिखट झाली काय? डोळ्यातनं पाणी याय लागलंय की."

माझ्या डब्यात त्या दिवशी दहीभात होता.

*

मॅडम गेल्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो आला.

पांढऱ्याशुभ्र बर्फात एक व्यक्ती. अंगात फुगलेला लाल कोट, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर भलामोठा गॉगल, पायात लांबलचक फळ्या, दोन्ही हातांत काठ्या. खाली लिहिलंय, "स्कीइंग! सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा."

धडाधड अंगठे आले. फुलं आली. हेडसरांनी तर टाळ्यांची ओळच पाठवली. मी चकली बाजूला ठेवली आणि फोटो मोठा करून बघितला.

"ह्या त्या नाहीतच," मी बायकोला म्हणालो. "तोंड कुठे दिसतंय? हा फोटो कुणाचाही असू शकतो. नेटवरून उचललाय!"

सुनंदानं हातातलं लाटणं ठेवलं, फोन घेतला, दोन बोटांनी फोटो आणखी मोठा केला आणि माझ्यापुढे धरला. जाडजूड हातमोजा आणि कोटाची बाही यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. त्या जागेत हिरव्या बांगड्या होत्या.

"आता द्या अंगठा," सुनंदा म्हणाली.

मी दिला.

"नुसता अंगठा? लाल बदाम द्या की. जीव जातोय का?"

मी लाल बदामही दिला. जीव गेलाच होता थोडा.

*

सुट्टी संपली, शाळा उघडली, मॅडम हजर! तोंड बर्फानं भाजून लाल झालेलं. तेही मला दाखवण्यासाठीच भाजून घेतलंय असं मला वाटलं.

पहिला किस्सा त्यांनी बुटांचा सांगितला. ह्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. जायच्या आधी मी मोठ्या मनानं, म्हणजे दात खाऊन, त्यांना सल्ला दिला होता की नवे बूट आधी महिनाभर घालून चाला, नाहीतर डोंगरात पायाला फोड येतील. मॅडमनी तो मनावर घेतला आणि दर रविवारी माहेरी जाऊन भावाच्या शेतात चालल्या. पाऊस नुकताच होऊन गेलेला. आपली काळी माती! बुटाच्या तळव्यांना ती अशी बसली की बस्स.

न्यूझीलंडच्या विमानतळावर एक फॉर्म असतो. गेल्या महिन्यात शेतात गेला होता का? दुसरं कुणीही सरळ "नाही" लिहिलं असतं. मॅडम पडल्या शिक्षिका. त्यांनी लिहिलं, "हो. चार वेळा." वर ऑफिसरला तोंडीही सांगितलं, "बनसोडे सर टोल्ड मी!"

ऑफिसरनं बूट मागितले. ट्रेमध्ये घालून आत नेले. मॅडम मोज्यांवर उभ्या. काचेतून बघतात तर तो युनिफॉर्ममधला सहा फुटी माणूस वाकून, ब्रश घेऊन बुटांचे तळवे घासतोय! धुऊन, पुसून, पिशवीत घालून त्यानं ते अदबीनं परत दिले.

"लग्नाला तीस वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी कधी माझी चप्पल पायानं सरकवली नाही. आणि तितं सरकारनं माझे बूट धुतले की हो!"

स्टाफरूम हसून हसून आडवी झाली. मी एकटा विचारात होतो. आपली काळी माती कशी झाली? कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड झिजून! म्हणजे तिचं खानदान ज्वालामुखीचंच. ती माती बुटाला चिकटून न्यूझीलंडला पोचली. बरं, ती परतसुद्धा आली नाही. तिथेच सेटल झाली! आणि मी इथे, हातात हजेरीपट घेऊन.

हे मी मनात म्हणालो असं मला वाटलं होतं. पण आमचे पीटीचे शेख सर शेजारीच बसले होते.

"बनसोडे सर," ते म्हणाले, "अब मट्टी पर भी जलते क्या?"

*

मॅडम रोज सकाळी आंघोळीनंतर कपाळाला विभूतीचे तीन पट्टे लावतात. बर्फात जायचं म्हणून नेम मोडायचा नाही! तर हेल्मेटच्या खाली विभूती लावून त्या स्कीइंग शिकायला उभ्या राहिल्या. शिकवायला एक वीस-बावीस वर्षांची पोरगी. तिनं हेल्मेटचा पट्टा आवळायला मॅडमची मान वर केली आणि ती दचकलीच.

मॅडमच्या कपाळावर राख! आणि उभ्या कुठे आहेत, तर जिवंत ज्वालामुखीच्या अंगावर!

"ही राख आहे का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

मॅडम खोटं बोलत नाहीत, हे आपण फॉर्मच्या वेळी बघितलंच. "येस, ॲश," त्या म्हणाल्या.

"कधी पडली?"

"टुडे मॉर्निंग! एव्हरी मॉर्निंग!"

पोरीनं एकदा वर आभाळाकडे बघितलं आणि खिशातून वॉकीटॉकी काढला. जावई लांबून फळ्यांसकट धडपडत, ओरडत आले म्हणून, नाहीतर तो सगळा डोंगर रिकामा झाला असता!

त्यानंतरचं स्कीइंग थोडक्यात सांगायचं तर मॅडम निघाल्या त्या थांबल्याच नाहीत. ब्रेक कसा लावायचा हे पोरीनं सांगितलं होतं, पण ऐन वेळी डोक्यात कन्नडच आलं. "निल्लु! निल्लु!" म्हणजे थांब, थांब, असं पायातल्या फळ्यांना ओरडत त्या सरळ एका जाळीत जाऊन अडकल्या.

"बर्फ को कन्नड नै आती ना मॅडम," शेख सर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. पण सगळ्यांच्या नंतर सुरू केलं आणि सगळ्यांच्या आधी थांबवलं.

*

त्यांचं हायकिंगही ऐका. तिकडच्या पायवाटेवर समोरून येणारा प्रत्येक माणूस "हॅलो" म्हणतो आणि पुढे जातो. तशी रीत आहे. मॅडमना ही रीत अर्धीच पसंत पडली. हॅलो म्हणाला ना, मग थांबायचं! कुठले तुम्ही? मुलं किती? काय करतात? दोन तासांच्या वाटेला साडेपाच तास लागले. लेक शेवटी एका दगडावर बसून रडायला आली होती. परतीच्या वाटेवर मात्र लांबून अनोळखी माणसं हात करायला लागली, "हॅलो, सोलापूर!"

आता माझ्यासारख्याला ह्यात काय ऐकायचं असतं? मी वही घेऊन बसलो होतो.

"खडक कसला होता, मॅडम?"

"काळा."

"झाडं?"

"हिरवी."

"बरं, माती?"

"चिखल की हो सगळा."

"अहो, पण तिथं जाऊन तुम्ही बघितलंत काय?"

"माणसं बघितली की, सर!"

मी वही मिटली. ज्याला डोळे दिलेत त्याला तिकीट नाही आणि जिला तिकीट मिळालं ती माणसं मोजत बसली! मला त्या दिवशी देवाधर्माचं काही ऐकवलं असतं कुणी, तर मी भांडलो असतो.

*

एक दिवस मग माझा तोल गेला. स्टाफरूममध्ये पुन्हा "न्यूझीलंड, न्यूझीलंड" सुरू झाल्यावर मी टेबलावर हात आपटला.

"कशाला पाहिजे न्यूझीलंड? अहो, हे सगळं दख्खनचं पठार लाव्हाचंच आहे! थरावर थर! ह्या शाळेच्या पायऱ्या लाव्हाच्या. किल्ल्याचे बुरूज लाव्हाचे. आपण आत्ता, ह्या क्षणी, ज्वालामुखीच्या डोक्यावर बसलोय. कुणाला किंमत आहे?"

भाषण चांगलं झालं होतं. दोन-तीन जणांनी खरोखरच खाली बघितलं. तेवढ्यात नागनाथमामा ओला पोछा घेऊन माझ्या खुर्चीपाशी आले.

"सर, जरा ज्वालामुखीवरनं पाय उचला. फरशी पुसायचीया."

*

इथपर्यंत गंमत होती. पुढचं मला गंमत वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या मीटिंगमध्ये हेडसर म्हणाले, "बनसोडे सर, तुमचं शिकवणं उत्तमच. पण आजकाल मुलांना अनुभव पाहिजे. ह्या वर्षी नववीचा ज्वालामुखीचा पाठ मठपती मॅडमना देऊ. प्रत्यक्ष जाऊन आल्यात. अ आणि ब, दोन्ही तुकड्या एकत्र बसवू. काय?"

"अय्यो, नको सर!" मॅडम म्हणाल्या. "मला काय येतंय त्यातलं? बनसोडे सरच घेऊ देत की."

तीनदा नको म्हणाल्या. माणूस तीनदा नको म्हणतो म्हणजे त्याला हवंच असतं, अशी माझी खात्री पटली.

"तुमचं काही म्हणणं, सर?" हेडसरांनी विचारलं.

"छे, छे. अवश्य!" मी म्हणालो. हे "अवश्य" माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळलेलं नाही.

घरी आल्यावर जेवलो नाही. सुनंदाला सांगितलं, माझा शेवटचा पाठ गेला. 

"मग सांगायचं होतं ना हेडसरांना," ती म्हणाली, "की तो माझा आहे म्हणून."

"पाठ काय माझ्या नावावर आहे?"

"नाही ना? मग रुसताय कशाला?"

मला फार वाईट वाटलं होतं एवढंच खरं. एकोणतीस वर्षं एक गोष्ट मी न बघता सांभाळली, आणि ती एका फेरीत दुसऱ्याची झाली.

*

त्या रविवारी मी सुनंदाला स्कूटरवर मागे बसवलं आणि मंद्रूप रस्त्याला निघालो. "कुठे?" म्हणाली. "हायकिंगला!" म्हणालो.

रस्त्याच्या आत एक दगडाची खाण आहे. चाळीसेक फूट खोल. भिंतीत लाव्हाचे थर इतके स्वच्छ दिसतात की मोजून घ्यावेत. एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, मध्ये लाल मातीची रेघ! मी खाली उतरलो, भिंतीला हात लावला. सुनंदा वरूनच ओरडत होती, "अहो, पडाल!" मी हौसेनं एक फोटो काढून घेतला. मागे थर, पुढे मी, कमरेवर हात.

ग्रुपवर टाकला. खाली मुद्दामच फक्त एवढं लिहिलं, "आज सकाळी."

पहिलं उत्तर शेख सरांचं आलं. "मुबारक हो सर! किती मजली?"

मला कळेना. मग हेडसर, "अरे वा! रिटायरमेंटच्या आधी बांधकाम काढलंत, शहाणपणा केलात." मग आणखी पाच जणांचं अभिनंदन. एकानं खडीचा भाव विचारला. मॅडमनी लिहिलं, "वास्तुशांतीला बोलवा बरं का सर. विसरू नका!"

आजतागायत तीन जण मला विचारतात, स्लॅब पडला का?

*

आता शेवटचा.

आमच्या शाळेत नववी अ आणि नववी ब ह्यांच्यामध्ये भिंत नाही, लाकडी फळ्यांचं पार्टिशन आहे. एरवी बंद असतं. त्या दिवशी तिसऱ्या तासाला मामांनी आणि शेख सरांनी ते घडी घालून बाजूला सरकवलं. ऐंशी पोरं एका वर्गात. हेडसर दारात उभे. मी शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी. पुढ्यात वही आणि लाल पेन. मॅडमच्या चुका टिपायच्या होत्या. लाज वाटते सांगायला, पण अर्धं पान मी आधीच आखून ठेवलं होतं.

हेडसरांनी प्रोजेक्टर लावून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "नको," आणि खडू घेतला.

त्यांनी फळ्यावर शंकू काढला. मधून नळी. खाली शिलारसाची कोठी. मग डाव्या अंगाला एक छोटी, तिरकी फाटलेली नळी. मी पेन उघडलं. तिरकी नळी सगळे उजवीकडे काढतात, पुस्तकातही उजवीकडे आहे. डावीकडे काढणारा एकटा मी! मग त्यांनी पायथ्याशी एक इवलासा माणूस काढला. त्याच्या डोक्यावर उघडी छत्री.

माझा हात थांबला. तो माणूस कुठल्याही पुस्तकात नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो काढला, तेव्हापासून दर वर्षी तो तिथेच उभा असतो.

"मुलांनो," मॅडम म्हणाल्या, "पृथ्वी शांत नाही. ती फक्त गप्प आहे. शांत आणि गप्प ह्यात फरक काय, ते घरी गेल्यावर आईला विचारा."

माझं वाक्य! "गप्प आहे"नंतर मी जेवढा थांबतो तेवढ्याच त्या थांबल्या. मी वहीत लिहिलं, "चोरी." खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, तिथं गेल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं?"

मॅडमनी खडू खाली ठेवला.

"काहीच नाही."

हेडसरांनी चष्मा काढला.

"तीन दिवस ढग होते की गं. शंभर पावलांच्या पुढचं दिसेना. जावई बोट करून म्हणायचे, आई, तिकडं एक आहे. मी बघायची. पांढरं! आई, तिकडं दुसरा. तिकडंबी पांढरं. चौथ्या दिवशी निघालो, तर पाऊस."

"म्हणजे ज्वालामुखी दिसलाच नाही?"

"नाही."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. महिनाभर मी काहीतरी असंच व्हावं म्हणून तळमळत होतो. पण झाला नाही. माणसानं एवढ्या लांब जावं आणि समोर पांढरं दिसावं, हे मला मठपती मॅडमच्या बाबतीतसुद्धा बघवेना.

"जावयांना लई वाईट वाटलं," मॅडम सांगत होत्या. "मी म्हटलं, अहो, मला तोंडपाठ हाय! तिसऱ्या तासाला मी फळीच्या पलीकडं ब मध्ये असते. एकोणीस वर्षं ऐकतेय. चौथ्या तासाला अ मध्ये येते तेव्हा फळ्यावर हा असतो. सर पुसत नाहीत. मीच पुसते."

मी खरंच पुसत नाही. तेवढा एक मला पुसवत नाही.

"मग तितंच दाखवला सगळ्यांना. बर्फात, त्या घसरायच्या काठीनं."

त्यांनी पर्समधून फोन काढला, फोटो लावला आणि पहिल्या बाकावर दिला. "मागं द्या. सरांपर्यंत जाऊ दे."

फोन हाताहातांतून माझ्यापर्यंत यायला बराच वेळ लागला. प्रत्येक बाकावर डोकी गोळा होत होती. शेवटी आला. सगळं पांढरं. त्यात बर्फ उकरून काढलेला दहा-बारा फूट लांब शंकू. मधली नळी. डावीकडची तिरकी नळी. पायथ्याशी माणूस, त्याच्या हातात छत्री. छत्रीचा दांडा माझ्यासारखाच थोडा वाकडा. भोवती लेक, जावई, ती शिकवणारी पोरगी, जाड कोटातले सहा-सात अनोळखी लोक. त्यातल्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं हात वर केला होता, आपली पोरं शंका विचारायला करतात तसा.

"तो आजोबा एकच विचारत होता," मॅडम म्हणाल्या. आता त्या थेट माझ्याकडे बघत होत्या. "वरनं आग पडणार, दगड पडणार, मग ह्या माणसाकडं छत्री कशाला? मला सांगता येईना की हो, सर. दर वर्षी तुमी म्हणता, 'आता ही छत्री कशासाठी, ते ऐका', आणि बेल होते! एकोणीस वर्षं मला पुढचं माहीत नाही. मी त्याला म्हटलं, सरांना विचारून कळवते. त्यानं ईमेल दिलाय."

ऐंशी तोंडं माझ्याकडे वळली. एक्याऐंशीवं हेडसरांचं.

मी उठलो. वही बाकावरच राहिली. दोन तुकड्यांच्या मधल्या वाटेनं फळ्यापाशी गेलो. मॅडमनी खडू पुढे केला आणि त्या जाऊन पहिल्या बाकावर, मुलींच्या शेजारी बसल्या.

"आता ही छत्री कशासाठी," मी म्हणालो, "ते ऐका."

बेल झाली.

एकही पोरगं उठलं नाही.